मोटारीची तहान

खंडाळ्याचा किंवा महाबळेश्वरचा घाट जुन्या मोटारीतून ज्यांनी चढला असेल, त्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे असेल. वळणाच्या आतल्या अंगाला मोटार उभी आहे, तिचे पुढचे झाकण वर केलेले आहे, आतून वाफेचे लोट निघत आहेत, आणि हाताला ओले फडके गुंडाळून चालक अंग चोरून रेडिएटरचे बूच किंचित किंचित सैल करीत आहे. मंडळीतील एखादा उत्साही तरुण रिकामा डबा घेऊन झऱ्याच्या शोधात गेला आहे. वडीलधारी माणसे रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून, 'गाडी गरम झाली' एवढ्याच शब्दांत सर्व प्रकाराचा उलगडा करून मोकळी होतात. गाडी गरम झाली म्हणजे नक्की काय झाले, हे विचारण्याचे कारण कोणाला पडत नाही. तिला पाणी पाजले की ती पुन्हा चालू लागते, एवढे ज्ञान प्रवासाला पुरते.

परंतु मोटारीच्या ह्या तहानेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. वेगाचा इतिहास आपण नेहमी शक्तीच्या भाषेत सांगतो. अमक्या साली इंजिन इतक्या अश्वशक्तीचे होते, तमक्या साली त्याच्या दुप्पट झाले, असा तो हिशेब असतो. माझ्या मते हा हिशेब एकांगी आहे. इंजिनात जे इंधन जळते, त्याच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर निघून जाते. आणि उरलेली तेवढीच इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता वेळीच बाहेर काढली नाही, तर वंगणाचे तेल पातळ होऊन त्याचा थर तुटतो, दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकतो आणि सगळे यंत्र जागच्या जागी जखडते. इंजिनातून शक्ती किती काढता येईल, हे म्हणूनच पुष्कळदा त्यातून उष्णता किती काढून टाकता येईल यावर ठरत आले आहे. मिळकतीचा आकडा सर्वांच्या डोळ्यांत भरतो. खर्चाची वाट कोणी पाहत नाही. सरकारी कचेरीत ज्यांनी काही वर्षे घालविली आहेत, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

कारखान्यात एका जागी बसविलेल्या इंजिनाला ही अडचण नव्हती. शेजारी पाण्याची मोठी टाकी ठेवली की काम भागत असे. अडचण सुरू झाली ती इंजिनाने चाकांवर बसून प्रवासाला निघावे असे माणसाच्या मनात आले तेव्हा. टाकी बरोबर न्यावी तर तिचेच ओझे इंजिनाला जड होते, आणि न न्यावी तर इंजिन तापते. कार्ल बेन्झ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे इंजिन एका अश्वशक्तीचेही नव्हते. त्याने निवडलेला उपाय अगदी साधा होता. नळकांड्याभोवती पाणी ठेवावयाचे आणि ते उकळून जाऊ द्यावयाचे. हा उपाय भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. एक किलो पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० किलोकॅलरी उष्णता लागते; त्याच पाण्याची वाफ करावयास मात्र सुमारे ५४० लागतात. म्हणजे पाणी वाफ होऊन जाताना इंजिनाची कितीतरी अधिक उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. दोष एवढाच की ते पाणीही जाते.

हा दोष किती मोठा होता याचा अनुभव प्रथम एका स्त्रीने घेतला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्ड यांना, बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मोटारीने मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या टाचणीने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकला चर्मकाराकडून कातडे मारून घेतले. ह्या गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. मात्र ज्या कामासाठी तिला वारंवार थांबावे लागले, ते पाणी भरण्याचे काम सांगणाऱ्याच्या लक्षात क्वचितच राहते. खानावळ दिसली की खानावळीतून, ओढा लागला की ओढ्यातून पाणी घेत तिने तो प्रवास पुरा केला. जगातील पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाचे टप्पे पाणवठ्यांनी ठरविले, असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडच्या बैलगाडीच्या वाटाही विहिरी आणि तळी पाहूनच आखल्या जात. बेन्झची मोटार ह्या बाबतीत बैलाहून फारशी पुढे गेली नव्हती.

एक-दोन अश्वशक्ती असेतो हे निभावले. दहा-वीस अश्वशक्तीचे इंजिन बसवू म्हणताच पाण्याचा हिशेब जमेना. ते पाणी वाया न घालविता गार करून पुन्हा वापरणे हाच मार्ग उरला, आणि गार करावयाचे तर वाऱ्यावाचून दुसरे साधन फिरत्या गाडीजवळ नाही. येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. हवा ही उष्णता वाहून नेण्याच्या कामी फार दुबळी आहे. एक लिटर पाणी एका अंशाने गार करावयाचे आणि ती उष्णता घेताना हवाही एकाच अंशाने तापावयाची म्हटल्यास, त्यासाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. तेव्हा थोड्याशा पाण्याची पुष्कळ हवेशी गाठ घालून द्यावयाची, आणि तीही लहानशा जागेत, असा हा प्रश्न होता. तो ज्या माणसाने सोडविला त्याचे नाव व्हिल्हेल्म मायबाख.

मायबाखचा जन्म १८४६ मध्ये हाइलब्रोन येथे एका सुताराच्या घरी झाला. दहाव्या वर्षी तो पोरका झाला. रॉयटलिंगन गावी गुस्टाव्ह व्हेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने अनाथ मुलांसाठी आश्रम चालविला होता. त्या आश्रमाला जोडूनच कारखाना होता. तेथे हा मुलगा वाढला, तेथेच आराखडे काढावयास शिकला, आणि तेथेच त्याची गोटलीब डाइम्लर ह्या बारा वर्षांनी वडील असलेल्या अभियंत्याशी गाठ पडली. ती गाठ डाइम्लरच्या मृत्यूपर्यंत सुटली नाही. १८८२ मध्ये दोघे कानश्टाट येथे आले आणि डाइम्लरच्या बागेतील काचघराचा त्यांनी कारखाना केला. डाइम्लरचे नाव पाटीवर राहिले. कागदावरची रेघ पुष्कळदा मायबाखची असे.

पाणी गार करण्याच्या प्रश्नाने मायबाखचा बराच काळ पिच्छा पुरविला. १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दोघांनी जी पोलादी चाकांची हलकी मोटार मांडली, तिच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरविले होते. वाहनाची हाडे हीच त्याची रक्तवाहिनी, अशी ती कल्पना होती. लहान गाडीला ती शोभली. मोठ्या इंजिनाला सांगाड्याच्या चार नळ्या कोठून पुरणार? इतर कारखानदार पंख बसविलेली लांब नळी सापासारखी वळवून गाडीच्या पुढे, पुष्कळदा आसाजवळ, टांगून देत. मायबाखने १८९७ मध्ये वेगळीच वाट धरली. पाण्याच्या टाकीतून पुष्कळ बारीक नळ्या आरपार बसवावयाच्या आणि नळ्यांतून पाणी न नेता वारा न्यावयाचा. पाणी नळ्यांच्या बाहेरून वाहील. नेहमीची मांडणी आतबाहेर उलटी करण्याची ही युक्ती होती, आणि पुढच्या सर्व यशाचे बीज तीत होते.

येथपर्यंतची हकीकत कारागिरीची आहे. पुढची हकीकत पैशाची, अहंकाराची आणि एका मृत्यूची आहे.

दक्षिण फ्रान्समधील नीस शहरात त्या काळी युरोपातील धनिक हिवाळा घालवीत. त्यांच्यात एमिल येलिनेक नावाचा एक गृहस्थ होता. हा व्हिएन्नातील एका विद्वान ज्यू धर्मगुरूचा मुलगा. व्यापारात त्याने पैसा केला होता, आणि डाइम्लरच्या मोटारी घेऊन तो त्या सरदार-सावकारांना विकत असे. स्वभावाने उतावळा आणि जिभेने तिखट. कानश्टाटच्या कारखान्याला जाणारी त्याची पत्रे आणि तारा ह्या मागणीपेक्षा फटकारेच असत. गाडी अधिक वेगवान हवी, अधिक जोरकस हवी, आणि ती आताच हवी. शर्यतीत तो आपल्या दहा वर्षांच्या मुलीचे नाव टोपणनाव म्हणून लावीत असे. त्या मुलीचे नाव मेर्सेडेस. स्पॅनिश भाषेतील हा शब्द कृपेचा वाचक आहे.

३० मार्च १९०० रोजी नीसहून ला तुर्बी ह्या डोंगरगावापर्यंत घाट चढण्याची शर्यत होती. डाइम्लर कारखान्याचा फोरमन व्हिल्हेल्म बाउअर हा 'फिनिक्स' नावाची मोठी गाडी चालवीत होता. इंजिनाची शक्ती वाढवीत नेली होती, पण गाडी उंच, आखूड आणि पुढच्या बाजूला जड राहिली होती. वळणावर ती कड्यावर आदळली. बाउअर दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच महिन्याच्या सहा तारखेला डाइम्लरचे निधन झाले होते. कारखान्याचे चालक शर्यतींतून अंग काढून घ्यावयाच्या विचारात पडले. येलिनेकचा निष्कर्ष नेमका उलटा होता. दोष शर्यतीचा नव्हे, गाडीच्या बांध्याचा आहे. तेव्हा गाडी अशी करा की ती लांब असेल, बसकी असेल, हलकी असेल, आणि तरीही आजवरच्या सर्वांहून शक्तिमान असेल. नुसता सल्ला देऊन तो थांबला नाही. त्याने ३६ गाड्यांची एकदम मागणी नोंदविली. किंमत साडेपाच लाख सुवर्णमार्क. अट एवढीच की इंजिनाला आपल्या मुलीचे नाव द्यावे.

बाउअरच्या मृत्यूचा येलिनेकने व्यापारी उपयोग करून घेतला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. तथापि त्याच्या हट्टाने जी गाडी झाली, ती पूर्वीच्या गाडीहून माणसाच्या जिवाला कमी धोक्याची होती, हेही तितकेच खरे आहे.

आता मायबाखपुढील पेच लक्षात घ्यावा. ३५ अश्वशक्तीचे, सुमारे सहा लिटर आकारमानाचे इंजिन. गाडी मात्र हलकी आणि बसकी. इतक्या उष्णतेला जुन्या पद्धतीने पाणी द्यावयाचे म्हणजे पुन्हा ओझे वाढले आणि सगळा खटाटोप व्यर्थ गेला. त्याने आपली १८९७ ची कल्पना पुन्हा हाती घेतली आणि एकच फरक केला. गोल नळ्यांच्या जागी त्याने चौकोनी नळ्या घेतल्या. गोल नळ्या शेजारी शेजारी रचल्या की मधल्या बेचक्यांत पाणी निष्कारण साचते. चौकोनी नळ्या रचल्या की त्यांच्या भिंतींमध्ये सर्वत्र सारखी बारीक फट राहते, आणि पाण्याचा पातळ पापुद्रा त्या फटीतून उतरत जातो. प्रत्येक नळीचे तोंड ६ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर उंच. अशा ८,०७० नळ्या एकमेकींना डाख देऊन त्यांची एक सपाट चौकट केली, आणि तिच्या मागे एक लहान पंखा बसविला. कारण घाटात गाडी मंद चालते तेव्हा समोरचा वाराही मंदावतो. समोरून पाहिले की मधमाश्यांच्या पोळ्याचा भास होई. तेच नाव तिला पडले. सप्टेंबर १९०० मध्ये तिचे पेटंट नोंदले गेले.

ह्या आकड्यांचा थोडा हिशेब करून पाहावा, म्हणजे युक्तीची थोरवी कळेल. आठ हजारांवर नळ्यांची सर्व तोंडे एकत्र केली तर जागा भरते अवघी तीन चौरस फूट. पण नळी दहा सेंटिमीटर लांब धरली, तर सर्व नळ्यांच्या भिंतींचे क्षेत्र होते १९ चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या घरात. चौदा फूट लांब आणि चौदा फूट रुंद अशा दिवाणखान्याची जमीन घडी घालून एका खिडकीत बसवावी, तसा हा प्रकार आहे. पाणी लागले ९ लिटर. पूर्वी लागे त्याच्या निम्मे. राहिलेले पाणी आणि त्याच्या टाकीचे ओझे गाडीवरून कायमचे उतरले. एका माणसाने पाण्याचा थर पातळ केला आणि त्यामुळे मोटारीचा सगळा आकार बदलला.

पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेकच्या हाती पडली. फेब्रुवारी १९०१ मध्ये पो येथील शर्यतीत तिने सपशेल निराशा केली. नवे यंत्र पहिल्या पदार्पणात रुसते, तसे झाले. परंतु मार्चच्या अखेरीस नीसच्या शर्यतींच्या सप्ताहात व्हिल्हेल्म व्हेर्नर ह्या चालकाने हीच गाडी घेऊन ३९२ किलोमीटरांची लांब शर्यत जिंकली, आणि ज्या घाटात वर्षापूर्वी बाउअर पडला होता तो ला तुर्बीचा घाट ताशी ५१.४ किलोमीटर ह्या सरासरी वेगाने चढून दाखविला. आधीचा विक्रम ताशी ३१.३ किलोमीटरांचा होता. एका वर्षात ताशी वीस किलोमीटर, आणि तेही चढावर! फ्रेंच मोटारमंडळींनी तेव्हा कबूल केले की आता मेर्सेडेसचे युग सुरू झाले आहे. पुढच्याच वर्षी ते नाव व्यापारी नाव म्हणून नोंदविण्यात आले. येलिनेकने तर १९०३ मध्ये स्वतःच्या आडनावापुढे मुलीचे नाव जोडून घेतले. बापाने मुलीचे नाव लावण्याचा असा दाखला विरळाच.

मायबाखचे नाव मात्र त्या गाडीवर आले नाही. १९०७ मध्ये त्याला कारखाना सोडावा लागला. पुढे त्याने आणि त्याच्या मुलाने काउंट झेपेलिनच्या विमाननौकांसाठी इंजिने केली, आणि मायबाख नावाच्या मोटारी निघाल्या त्या मुलाच्या कारकिर्दीत. १९२९ च्या डिसेंबरात तो वारला आणि कानश्टाटच्या स्मशानभूमीत डाइम्लरच्या जवळच त्याला पुरण्यात आले.

ह्या एका चौकटीने मोटारीला मुखवटाही दिला. तोपर्यंत मोटार म्हणजे घोडे काढून घेतलेली बग्गी दिसे. तिला पुढची आणि मागची बाजू होती, पण तोंड नव्हते. रेडिएटर पुढे उभा राहिला आणि तिला चेहरा आला. मग प्रत्येक कारखान्याने तो चेहरा आपापल्या परीने घडविला. रोल्स रॉइसने त्याला ग्रीक देवळाच्या दर्शनी भागाचे रूप दिले. बुगाटीने घोड्याच्या नालाचा आकार दिला. रोल्स रॉइसच्या अग्रभागी १९११ पासून जी पंख पसरलेली मूर्ती आली, ती मुळात रेडिएटरच्या बुचावर उभी होती, म्हणजे पाणी ओतण्याच्या भोकावर. त्याच सुमारास अमेरिकेत दुसऱ्या एका गृहस्थाने त्याच बुचावर तापमापक बसविण्याची तोड काढली. बॉइसचे 'मोटोमीटर' म्हणून ते प्रसिद्ध झाले. चालकाला आपल्या जागेवरून पारा चढताना दिसे. एकाच जागी कोणी अलंकार ठेवला, कोणी तापमापक. १९३० नंतर खरा रेडिएटर मागे सरकला आणि पुढे शोभेची जाळी आली. आज आपण जिला मोटारीचे तोंड समजतो, ती बहुतेक वेळा मूळ तोंडाची आठवण असते.

रेडिएटर हे नावही फसवे आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. उष्णतेचे प्रारण करणारे साधन असा त्या शब्दाचा अर्थ. प्रत्यक्षात ही जाळी प्रारणाने फारच थोडी उष्णता टाकते, बहुतेक सर्व उष्णता वाहत्या हवेच्या स्वाधीन करते. जर्मन माणसे तिला सरळ 'गार करणारी' ह्या अर्थाच्या शब्दाने ओळखतात.

दरम्यान पाण्यावरही संस्कार झाले. पाणी उकळण्याचा अंश हा हवेच्या दाबावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर वर गेले की तो सुमारे एका अंशाने उतरतो; महाबळेश्वरी पाणी ९५ ते ९६ अंशांवरच उकळते. म्हणजे घाट चढताना इंजिन सर्वांत अधिक तापते, आणि पाणी मात्र नेमके तेव्हाच लवकर उकळावयास तयार असते. उघड्या टाकीच्या जुन्या गाड्यांची घाटमाथ्यावर दैना होई ती ह्यामुळे. पुढे बुचात स्प्रिंग बसवून आत दाब धरून ठेवण्याची पद्धत आली. बाहेरच्या हवेएवढाच आणखी दाब आत धरला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचे बूच एकदम उघडणे धोक्याचे. दाब सुटताच सगळे पाणी क्षणात उसळून हात-तोंड भाजते.

विमानाच्या शर्यतींत ह्या प्रश्नाने टोक गाठले. १९३१ मध्ये इंग्लंडने श्नायडर चषक जिंकला, तो सुपरमरीन एस. ६ बी ह्या जलविमानाने. आर. जे. मिचेल ह्या अभियंत्याने त्याची आखणी केली होती. इंजिन दोन हजारांहून अधिक अश्वशक्तीचे. इतकी उष्णता टाकावयाला वाऱ्यात उभी जाळी धरली असती, तर तिच्याच अडथळ्याने वेग खाऊन टाकला असता. मिचेलने जाळी काढूनच टाकली आणि विमानाची त्वचा हाच रेडिएटर केला. पंखांच्या पृष्ठभागाखालून पाणी खेळविले, तरंगकांवरही तीच व्यवस्था केली, आणि तेल गार करण्याच्या वाहिन्या धडाच्या बाजूंवरून शेपटीपर्यंत नेल्या. इतके करूनही वैमानिकाला तापमापकावर नजर ठेवूनच उडावे लागे. पारा चढला की इंजिनाचा जोर कमी करावयाचा. शर्यतीचा खरा वेग इंजिनाने नव्हे, पाण्याने ठरविला. त्याच सप्टेंबरात ह्या विमानाने ताशी ४०७ मैलांचा विक्रम केला.

त्यानंतर चार वर्षांनी, १९३५ मध्ये, फार्नबरोच्या सरकारी संशोधनसंस्थेतील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ ह्या शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, रेडिएटर योग्य आकाराच्या बोगद्यात ठेवला तर आत शिरणारी हवा मंदावते, जाळीतून जाताना तापून फुगते, आणि मागच्या अरुंद तोंडातून वेगाने बाहेर पडताना विमानाला थोडा पुढे रेटाही देते. ज्या उष्णतेला आजवर टाकाऊ म्हणून फेकून देत होते, तिच्याकडून थोडी मजुरी वसूल झाली. स्पिटफायर आणि मस्टँग ह्या विमानांनी ह्या शोधाचा लाभ घेतला.

मोटारीच्या जगात मात्र ही गोष्ट, की हवा आत येण्याइतकेच तिचे बाहेर जाणे महत्त्वाचे, पुष्कळांना उशिरा उमगली. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे सनबीम टायगर. रूट्स ह्या इंग्रज कारखान्याची सनबीम अल्पाइन ही चार नळकांड्यांची, देखणी पण बेताच्या ताकदीची खेळाडू गाडी. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात कॅरोल शेल्बी ह्या नामवंत शर्यतपटूकडून तिच्यात फोर्डचे आठ नळकांड्यांचे, ४.३ लिटरांचे इंजिन बसवून पाहण्यात आले. ते बसले, आणि १९६४ पासून गाडी बाजारात आली. शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. पण झाकणाखाली इतकी दाटी झाली की इंजिनाचा एक प्लग बदलण्यासाठी चालकाच्या बाजूने पडद्याला भोक ठेवावे लागले. जेथे हात शिरत नाही तेथे वारा काय शिरणार? गाडी तापते ही तिच्या मालकांची कायमची तक्रार झाली.

मालकांनी प्रथम केले ते कोणीही करील तेच. मोठा रेडिएटर बसविला. पण जाळी जाड केली की तिच्यातून वारा नेणे अधिक कठीण होते; पहिल्या थरातून जाताना हवा तापते, मागच्या थरांपर्यंत पोहोचते ती तापलेलीच, आणि तेथे ती फारशी उष्णता घेऊ शकत नाही. शिवाय वारा हा आळशी आहे. जाळीच्या कडेला बोटभर फट दिसली की तो जाळीतून न जाता त्या फटीतून निसटतो. आणि इंजिनाच्या खोलीतून बाहेर पडावयास वाट नसेल तर पुढून कितीही वारा येवो, तो दारातच थबकतो. जाणत्या मालकांनी मग कडांच्या फटी बुजविल्या, पंख्याभोवती कोठी बांधली म्हणजे पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढील, तापलेली हवा निघून जावयास वाटा केल्या. आणि इतके झाल्यावर नव्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचा त्यांना गुण आला. ॲल्युमिनियम हे उष्णता वाहण्यात तांब्याच्या मागे आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते हलके आणि मजबूत असल्यामुळे त्याच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात, आणि पाण्याचा पापुद्रा अधिक भिंतीला भिडतो. मायबाखने चौकोनी नळी घेतली त्यामागचे गणित तेच होते.

अशा मालकांपैकी काहींनी आणखी एक चूक केली. पाणी जितके गार तितके इंजिन सुखी, असे समजून त्यांनी पाण्याचे नियमन करणारी थर्मोस्टॅटची झडप काढून टाकली. वस्तुतः अति गार इंजिनात इंधनाची नीट वाफ होत नाही, ते नळकांड्याच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि झीज वाढते. इंजिनाला ८० ते ९० अंशांची ऊब हवी असते. चांगल्या रेडिएटरचे काम पाणी गार ठेवणे हे नसून, गरज पडेल तेव्हा गार करण्याची ताकद हाती राखून ठेवणे हे आहे. घाट चढताना ती ताकद वापरावयाची, सपाटीवर झडपेने तिला आवर घालावयाचा.

पाण्याची ही कटकटच नको म्हणून हवेनेच इंजिन गार करणारा एक पंथही होता, आणि त्याचे मुख्य पीठ मेर्सेडेसच्याच श्टुटगार्ट शहरी होते. पोर्श कारखान्याची ९११ ही गाडी १९६३ मध्ये जगापुढे आली आणि तीन तपांच्या जवळपास तिने रेडिएटरला दाराबाहेर ठेवले. तिच्या भक्तांना तिचा तो कोरडा, खडखडता आवाजच प्रिय होता. परंतु प्रत्येक नळकांड्याला चार झडपा, धुराचे आणि आवाजाचे कडक नियम, यांपुढे हवेचा पंखा अपुरा पडू लागला. १९९८ मध्ये हवेवर चालणारी शेवटची ९११ तयार झाली आणि तेथेही पाणी आले. आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांच्यात जळणारे काही नाही, पुढची जाळी पुष्कळदा बंदच असते, आणि म्हणून त्यांना तहान नसेल असे वाटते. झाकण उघडून पाहावे: बॅटरी फार तापू नये म्हणून तिच्याभोवती फिरणारे द्रव्य आहे, पंप आहे, आणि खाली, पुढच्या पट्टीच्या मागे, वाऱ्याची वाट पाहत उभा असलेला रेडिएटरही आहे.